पेजेचा पहिला घोट

शर्मिला कल्ले उघडून बघितल्याशिवाय मासा घेत नाही. त्यात काय मोठंसं, कोणीही बघतो. पण ती कल्ले बघून झाले की मासेवालीच्या तोंडाकडे बघते. "कल्ले लाल आसत, मगे तू नजर कित्याक चोरतंस?" असं तिने एकदा मालवणच्या बाजारात विचारलं आणि चारचौघांत शिव्या खाल्ल्या. मासा तर घेतला नाहीच.

तिचा नवरा लवू रिक्षा चालवतो. तो सांगतो, "लग्नात हिच्या गळ्यात मी मंगळसूत्र घातलंय, तर ही माका हळूच विचारता, सोनारान पावती दिल्यान मां?" लवू हे हसत सांगतो. शर्मिला शेजारी बसून ऐकते आणि म्हणते, "मगे? दिल्यान होती?"

अशा बाईला काम मिळालं ते मेलेल्या माणसांच्या घरी जायचं. माणूस कशाने मेला ते विचारायचं. आमच्या गावांत माणूस मरतो तो बहुतेक घरात मरतो, नाहीतर रिक्षात. डॉक्टरने त्याला बघितलेलंच नसतं. मग ग्रामपंचायतीत जाऊन घरचे सांगतील ते कारण लागतं. आमच्याकडे निम्मी माणसं 'हार्ट'ने जातात आणि उरलेली म्हातारपणाने. हे खोटं आहे हे सरकारलाही कळतं, म्हणून एक पाहणी निघाली. शर्मिलाला पाटीएवढा फोन दिला. त्यात प्रश्न. ती घरच्यांना विचारणार, उत्तरं वर जाणार, आणि लांब कुठेतरी बसलेले दोन डॉक्टर ती वाचून ठरवणार की माणूस बहुधा कशाने गेला. शर्मिलाने कारण सांगायचं नाही. तिला ते कळवतही नाहीत.

लोकांना यातलं काही पटत नाही. कोणी तिला विम्याची समजतं, कोणी पोलिसांची. जमिनीच्या वाटणीत भाऊबंद भांडत असतील तर दोघांनाही वाटतं, समोरच्याने धाडली. पाठीमागे तिला 'मेल्यांची शर्मिला' म्हणतात. ती दारात दिसली की घरातली बाई आधी आत वळून बघते, म्हातारं धड आहे ना.

गेल्या पावसाळ्यात, लावणी होऊन महिना झाला असेल, तेव्हा ती कसालच्या पुढच्या एका गावात गेली. हरिश्चंद्र नावाचा शेतकरी गेला होता, साठी उलटलेला. फाट्यावर बाबलीचं दुकान आहे, तिथे तिने घर विचारलं.

"हरिश्चंद्राकडे?" बाबलीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "जा. चाय पिव नको फक्त."

"कित्याक?"

"पी तर पी. माका काय. म्हातारो सुनेच्या हातची पेज पिलो आणि गेलो, इतक्या माका ठावक."

मग त्याने न विचारता सगळं सांगितलं. हरिश्चंद्र ठणठणीत होता. सांजेला शेताच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, उभा राहून बोलत होता, दिवेलागणीला घरात आला, पेज घेतली आणि रक्त ओकला. पंचायतीत थोरल्या मुलाने, जितूने, 'हार्ट' सांगितलं. पण आंघोळ घालताना दहा माणसांनी तोंडातलं रक्त बघितलं.

"हार्टाक रगत येता काय गो? आणि सून पिंगुळीची. माहेरासून कसला तरी पाल्याचा औषध बाटलेतसून हाडल्यान होता. तिका कसालच्या दुकानात कामाक जावचा होता, म्हाताऱ्यान जावक दिल्यान नाय. धुसफूस होती. आता तूच बघ."

"मेरेर कोणावांगडा बोलत होतो?"

"आसात कोणतरी. जितू सांगता तां." बाबलीने आवाज उतरवला. "येत्या सोमवारी देवळात कौल लावतले. ह्या मरणात घरातल्या हाताचा काय आसा काय, असा विचारतले. देवान होय म्हटल्यान तर ती पिंगुळीक जातली ती परत येवची नाय. तिचो घोव थंय गोव्याक हॉटेलात. तो काय आवशीभावापुढे बोलतलो?"

कौल म्हणजे गुरव देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावतो, प्रश्न घालतो, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची तर नाही. आमच्याकडे विहीर खणण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळं असं विचारतात. देवाच्या पाकळीवर कोर्टात जाता येत नाही.

उठताना बाबलीने एवढंच बरं सांगितलं, "माणूस मात्र सोन्यासारखो. दोरी धरल्यासारखी लावणी. व्हाळाकडचो कोपरो दुसऱ्या कोणाक हात लावूक देय नाय."

शर्मिला शेतातूनच गेली. व्हाळाकडचा, म्हणजे ओढ्याकाठचा, कोपरा वाटेतच होता. भात गुडघ्याएवढं झालेलं. ती दोन पावलं पुढे गेली, थांबली, परत मागे आली आणि छत्री काखेत मारून बघत राहिली. मग घराकडे वळली.

पडवीत जितेंद्र बसला होता. हरिश्चंद्राचा थोरला. याची बायको मुलांच्या शाळेपायी ठाण्याला. घरात आता तो, आई सीता आणि गोव्याला असलेल्या धाकट्या मितेशची बायको अनुजा, एवढीच माणसं. जितेंद्राच्या डोक्यावरचे केस आत्ता कुठे फुटत होते. शर्मिलाने कोण, कुठची, कशाला आली ते सांगितलं. "नको म्हणालास तर उठान जातंय," असंही सांगितलं.

"विचारा. आमका लपवूचा काय नाय," जितेंद्र म्हणाला आणि सांगायला लागला.

"बापूस सकाळी उठलो, चाय पिलो, शेतार गेलो. दुपारी जेवलो. सांजेक मेरेर उभो रवान बोललो. दिवेलागणीक घरात इलो, म्हणालो, जरा अंग मोडल्यासारख्या वाटता. पेज घेतल्यान. पेज पोटात गेली आणि रगत ओकलो. रिक्षा येयसर सगळा आटापला."

बाबलीचेच शब्द, तीच मेर. कुठे अडखळला नाही, कुठे डोळा ओला नाही.

याचं शर्मिलाला फार वाटलं नाही. आमच्याकडे माणूस गेला की बाराव्यापर्यंत भेटायला माणसं येतात. कुडाळ, देवगड, मुंबई, जिथे जिथे नातं असेल तिथून गाड्या भरून येतात, पडवीत बसतात आणि सगळे एकच विचारतात, "कसा काय झाला?" थोरल्या मुलाने बोडक्या डोक्याने चटईवर बसून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं असतं. मावशीला सांगून होतं तोवर आत्या येते. सांगून सांगून ते सांगणं नदीतल्या गोट्यासारखं होतं. हाताला कुठेच लागत नाही.

तेवढ्यात अनुजा चहा घेऊन आली. तिशीची असेल. कप शर्मिलाच्या पुढ्यात ठेवून ती दाराला टेकून उभी राहिली. जितेंद्र कपाकडे बघत होता. आत अंधारात सीताकाकी बसलेली, तिचंही लक्ष इकडेच असावं. शर्मिलाने कपाला हात लावला नाही.

"थंड होतली," अनुजा म्हणाली.

"होवंदे."

शर्मिलाने तिच्या तोंडाकडे बघितलं, मासेवालीकडे बघते तसंच. अनुजाने नजर खाली केली. झालं. शर्मिलाच्या मनाने तिथेच निम्मा निकाल लावून टाकला.

"पेज तू दिलंस?"

"मी दिलंय."

"आणि ता पाल्याचा औषध?"

"तां आदी दिलेला."

"आदी?" जितेंद्र वळला. "आदी म्हणजे कदी? बापूस बरो होतो तर औषध कित्याक दिलंस? सांग मां. ताईंका सांग."

अनुजाने जितेंद्राकडे असं बघितलं की आता याच्यापुढे काय बोलायचं. आणि जितेंद्राच्या तोंडावर खोटं बोलणाऱ्याचा चोरटेपणा नव्हता. तो खरोखरच विचारत होता. शर्मिलाला हे नवीन होतं. खोटं बोलणारे तिने ढिगाने बघितले होते, असा कोणी बघितला नव्हता.

तिने फोन पुढे घेतला. प्रश्न पुस्तकी भाषेत असतात. ती तसेच वाचते आणि मग आपल्या बोलीत करून विचारते.

"मृत व्यक्तीला ताप होता का? ताप इल्लो?"

"नाय."

"अंगदुखी?"

"नाय."

"डोळे, त्वचा यांच्या रंगात बदल?"

"काय नाय. बरो होतो म्हणान सांगलंय मां?"

नाही म्हटलं की फोन पुढचे प्रश्न आपणच गाळतो. सरसर पानं पलटत गेली. शर्मिलाच्या ध्यानात आलं की असंच चाललं तर लांब बसलेल्या त्या दोन डॉक्टरांना एवढंच दिसणार, धडधाकट माणूस, पेज प्याला, रक्त ओकला, मेला. तेही विषावरच बोट ठेवणार. मग गाव, देव आणि डॉक्टर, सगळ्यांचं एक झालं. आणि सगळ्यांचं एक झालं की शर्मिलाला आणखीच संशय येतो.

तिने फोन मांडीवर पालथा घातला.

"जितू, तुझ्या बापाशीचो कोपरो कोणी लायलो?"

"कसलो कोपरो?"

"व्हाळाकडचो. मी येताना बगलंय. गुरा फिरल्यासारखी लावणी आसा. म्हातारो हिंडतो फिरतो होतो तर अशी लावणी तेना ठेवल्यान असती? उपटून परत लायल्यान असतो."

कुठल्याही आत्याने, कुठल्याही मावशीने त्याला हा प्रश्न विचारलेला नव्हता. याचं उत्तर त्याच्याकडे तयार नव्हतं.

उत्तर आतून आलं. "अनुजान लायल्यान."

"आये, तू गप रव," जितेंद्र म्हणाला.

"गपच आसंय." सीताकाकी उठली नाही, पण आवाज स्वच्छ होता. "तेंका उठाक होय नाय. हिका म्हणाले, माजो कोपरो तेवडो लाव, बाकीचो जितू बघात. हिना कदी भाताचो तरवो हातात धरल्यान नव्हतो. सांजेक विचारल्यानी, सरळ लायलंस मां? ही म्हणाली, होय."

"म्हातारी आसा. तिचा काय खरा धरतास," जितेंद्र शर्मिलाला म्हणाला. मग एकदम त्याला काहीतरी उमगल्यासारखं झालं. "तुका हय कोणी धाडल्यान? पिंगुळीवाल्यांनी? सोमवारच्या आदी बरी इलंस."

"माका तुमच्या सुनेचा काय पडलेला नाय," शर्मिला म्हणाली. "मी तिची चाय सुद्धा पिवक नाय. बगतंस मां?"

हे तिने आपली बाजू स्वच्छ दाखवायला म्हटलं. पण अनुजाने कपाकडे बघितलं. चहावर साय धरली होती.

"आजाऱ्याकडे बसलेलो कोण, तेका माका विचारूचा लागता," शर्मिला पुढे म्हणाली. "तू बसलेलंस तर तू सांग. पोटऱ्यो कोण चेपी?"

"पोटऱ्यो?"

"म्हाताऱ्याच्यो."

आमच्या भागात लावणीच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्या हे दोन शब्द एका दमात कोणी बोललं की पुढचा तिसरा शब्द सगळ्यांना ठाऊक असतो. तो शब्द दवाखान्याच्या भिंतीवर असतो, पंचायतीच्या दारावर असतो. चिखलात उतरायच्या आधी गोळ्या वाटतात त्या त्याच्याच. हरिश्चंद्राला गोळीने मळमळायचं, म्हणून त्याने घेतल्या नव्हत्या.

"तो खंय चेपता," सीताकाकी आतून म्हणाली. "अनुजा चेपी. हात लायलो तरी ओरडत. पिंगुळीचा औषध तापार होता, ताप उतराक नाय. नांगरणीचो टिलर येयच्या आदीपासून तापलेले ते. डोळे रगतासारके. शेवटी शेवटी लघवेक सुद्धा होय नाय." ती जितेंद्राकडे वळली. "तुज्या मेरेवरच्या बापाशीक सगळो मुलुख बगून गेलो, जितू. माजो घोव हय खाटेर पडलेलो, तो कोणी बगूक नाय."

जितेंद्र आता शब्द शोधून शोधून बोलत होता, आणि शर्मिलाने फोन हळूच सुलटा केला.

"टिलर गावात एकच. आमची पाळी चुकली असती तर तरवो जून झालो असतो. बापूसच म्हणालो, आदी चिखल करून घे. मी म्हटलंय, तापच आसा, उतरात. डोळे लाल झाले ते बगलंय. म्हटलंय, चुलीचो धूर लागलो असात."

"मगे मेरेर कोण बोलत होतो?"

"तां... तां गेल्या वर्षी असात. बोलत उभो रवा तो तसो."

"आणि लोकांका असा कित्याक सांगलंस?"

"पयलो मामा इलो. तेना विचारल्यान, डाक्टराकडे नेलंस? काय सांगतलंय? टिलर होतो म्हणान नेवक नाय, असा सांगू? म्हटलंय, येळच गावाक नाय, बरोच होतो. मगे दुसरो इलो, तेका तसाच सांगलंय. ह्या दोघींका सांगलंय, तुम्ही पण असाच सांगा." त्याने टाळूवरून हात फिरवला. "मगे रात्री झोप येय नाय. बरो माणूस असो जाता काय, असा मीच मनात म्हणी. बरो होतो, पेज पिलो आणि गेलो. मगे पेजेत काय होता? माका खरा वाटाक लागला ताई. शप्पत सांगतंय, माका खरा वाटाक लागला."

"लेप्टोच तो," तो म्हणाला. चिखलातून येणाऱ्या त्या तापाचा शब्द त्यानेच काढला; त्या तापात शेवटी रक्तही पडतं.

"कारण मी सांगूक शकनय नाय," शर्मिला म्हणाली. "माका फक्त काय झाला तां सांग. पयल्यापासून."

तिने नाहीचे होय केले. गाळलेले प्रश्न एकेक करून परत वर आले. आता मायलेक दोघं सांगत होते, एकमेकांचं खोडत होते, कुठल्या वारी डोळे लाल झाले यावर भांडले सुद्धा. अनुजा दारातच उभी होती. तिला विचारलं तेवढंच तिने सांगितलं, एक शब्द जास्त नाही. आधी का बोलली नाहीस असं शर्मिलाने विचारलं, तर म्हणाली, "आदी तेंच्या सांगण्यावरसून मी पण सगळ्यांका तसाच सांगलंय. मगे माज्यार इला तेवा खरा सांगलंय असता तर कोणी मानल्यान असता?"

शर्मिला निघाली तेव्हा अनुजा कप घेऊन अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत मागे आली. तिने तो चहा जास्वंदीच्या मुळात ओतला.

"ह्या झाडार लक्ष ठेवा," ती म्हणाली. "मेला तर विचारूक या."

शर्मिलाने जाता जाता ते झाड नीट बघून ठेवलं.

सोमवारी तिला त्या गावात काही काम नव्हतं. तरी लवूची रिक्षा घेऊन ती गेली. लवू म्हणाला, "देवार पण विश्वास नाय तुजो?" ती म्हणाली, "देवार आसा. जितूवर नाय."

देवळात पुरुष जमले होते. बाबली दुकान बंद करून आलेला. गुरवाने पाकळ्या भिजवून घेतल्या आणि जितेंद्राला म्हणाला, "हां, बोला, काय विचारूचा?" जितेंद्राने नारळ पुढे ठेवला आणि काहीतरी पुटपुटला. गुरवाचा एक कान गेलेला. "कसा?" तो म्हणाला. जितेंद्र परत पुटपुटला. "मोठ्यान सांग रे, देवाक ऐकाक येवंदे."

मग जितेंद्राला मोठ्याने सांगावं लागलं. "विचारूचा काय नाय. बापूस तापान गेलो. पडान होतो. मी दवाखान्यात नेवक नाय."

गुरवाने पाकळ्या तबकात ठेवून दिल्या, नारळ फोडला, खोबरं वाटलं. खोबरं चावत लोक पायऱ्या उतरले. बाबली शर्मिलाच्या बाजूने जाताना म्हणाला, "बगलंस? भावजयेन तेका सुद्धा वळवल्यान. पाल्याचा औषध साधासुधा नाय तां."

मला विचाराल तर मेलेल्या माणसाचं कारण असंच असतं. एकदा गावाच्या तोंडात बसलं की देवळाच्या पायरीवर सुद्धा ते सुटत नाही. पण अनुजा पिंगुळीला गेली नाही, तिला कोणी जा म्हटलं नाही. एवढं झालं.

गणपती होऊन गेल्यावर शर्मिलाला त्याच गावात दुसऱ्या मरणासाठी जावं लागलं. सकाळची वेळ होती. वाट हरिश्चंद्राच्या घरापुढच्या खळ्यावरूनच होती. सीताकाकीने हाक मारून पडवीत बसवलं. जितेंद्र पानावर बसलेला. अनुजाने पेजेचं टोप आणलं. पळीभर पेज आधी तिने आपल्या वाटीत घेतली, सगळ्यांसमोर उभ्याने ती पिऊन टाकली, आणि मग जितेंद्राचं आणि सासूचं ताट भरलं.

हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या सोमवारनंतरच्या सकाळपासून तिने ते सुरू केलं होतं.

"नको गो आता," जितेंद्र ताटाकडे बघत म्हणाला. रोज म्हणत असावा.

"रवंदे, भावजी. गावाक दिसाक व्हया."

तो मान खाली घालून पेज ओरपायला लागला. सीताकाकीने लोणच्याची फोड त्याच्या ताटात टाकली.

मग चहा आला. अनुजाने कपातला चहा थोडा बशीत ओतला, बशी तोंडाला लावून रिकामी केली आणि कप शर्मिलाच्या हातात दिला. शर्मिलाने सवयीने तिच्या तोंडाकडे बघितलं. अनुजाने नजर काढली नाही. ती शर्मिलाकडे बघत तशीच उभी राहिली, कप रिकामा होईपर्यंत.

शर्मिला चहा प्याली. गडग्यावरची जास्वंद फुलली होती, तीही तिने जाताना बघितली. घरी येऊन लवूला एवढंच म्हणाली की चहात साखर जरा जास्त होती.